वाचकांचे प्रश्न : रोल बदलला, पण डायल बदलली का?

यावेळी आलेल्या पत्रांत कलर रोलबद्दल इतके प्रश्न होते की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं, कारण त्या मुलाने निगेटिव्हचे फोटो पाठवले आणि त्यात सगळा उलगडा होता.

प्रश्न : काका, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाचा जुना पेंटॅक्स के१००० मला मिळालाय, सेल नवीन टाकलाय, शटर मस्त चालतंय. आतापर्यंत तीन रोल झाले. पहिला पोर्ट्रा ४००, आयर्विन पूल आणि कृष्णेचा घाट, झकास आला. दुसरा एक्टार १००, ताईच्या हळदीला अंगणात, त्यात सगळ्यांचे चेहरे लालेलाल आणि सावल्या निळसर काळ्या. तिसरा गोल्ड २००, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला, तो तर मातकट आलाय, दाणे दिसतात आणि हळद हळदीसारखी वाटतच नाही. तिन्ही एकाच लॅबमध्ये धुतले. म्हणजे महागाचा रोल घेतला तरच फोटो चांगले येतात का? आणि आता पुढे कुठले कुठले रोल ट्राय करू? निगेटिव्हचे मोबाईलवर काढलेले फोटो सोबत पाठवलेत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : अरे, निगेटिव्हचे फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण नुसते स्कॅन पाठवले असतेस तर मीही रोललाच दोष देऊन मोकळा झालो असतो.

मी ते फोटो मोठे करून बघितले. तिन्ही पट्ट्यांच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर छापलेले असतात बघ, ते कारखान्यातच उजेडाने छापतात आणि रोल धुतला की उमटतात. तुझ्या तिन्ही रोलवर ते ठसठशीत, स्वच्छ उमटलेत, म्हणजे लॅबने धुण्यात काही गडबड केलेली नाही, केमिकल ठीक, वेळ ठीक. पण मधल्या फ्रेम बघ. पोर्ट्राच्या फ्रेम भरलेल्या आहेत, दाट आहेत. एक्टारच्या इतक्या पातळ की ताईच्या मागे जिथे दाराची सावली आहे तिथे नुसता नारिंगी प्लास्टिक दिसतोय, आत काहीच नाही. गोल्डच्या त्या दोघांच्या मधे कुठेतरी. कडा दाट आणि फ्रेम पातळ असं दिसलं की समजायचं उजेड कमी पडला, धुणाऱ्याचा काही संबंध नाही.

आता उजेड कमी का पडला? तू क्रम लिहिलायस, आधी ४००चा रोल, मग १००चा, मग २००चा. हा आकडा म्हणजे रोलचा एएसए, तो जितका लहान तितका रोलला उजेड जास्त लागतो. आणि सगळ्या पत्रात एएसएची डायल बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. के१००० हा पूर्ण मेकॅनिकल कॅमेरा, रोलच्या डबीवर जे काळे-चंदेरी चौकोन असतात ते वाचून नंतरचे ऑटो कॅमेरे स्वतःच एएसए लावून घ्यायचे, याला ते कळत नाही. शटरच्या डायलमधे जी छोटी खिडकी आहे तिच्यात एएसएचा आकडा दिसतो, डायलची बाहेरची रिंग वर उचलून फिरवली की तो बदलतो. उचलल्याशिवाय फिरवलीस तर फक्त शटर बदलतं, आणि ही रिंग उचलायची असते हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही. आत्ता कॅमेरा हातात घे आणि त्या खिडकीत बघ. माझी जवळजवळ खात्री आहे की तिथे ४०० असेल.

म्हणजे झालं काय, एक्टारला जेवढा उजेड हवा होता त्याच्या चौथा हिस्सा मिळाला, गोल्डला निम्मा. पोर्ट्रा चांगला आला कारण डायल त्याच्यासाठी बरोबर होती. तो महाग आहे म्हणून आला असं समजून तू पुढची चार वर्षं पोर्ट्राच घेत बसला असतास, कॉलेजच्या पोराने एवढे पैसे घालवायचे आणि तेही चुकीच्या कारणासाठी, मला नाही पटत.

एक्टारचे चेहरे लाल का आले त्याला अजून एक कारण आहे. कोडॅकने एक्टार १०० हा रोल २००८मधे आणला, त्याचे दाणे अतिशय बारीक, रंग एकदम भरगच्च, डोंगर, नदी, रंगवलेली घरं, बैलगाडीचे गोंडे यांना तो अप्रतिम. पण उजेड कमी पडला की माफ करत नाही, सावल्या निळ्या पडतात आणि कातडी लालसर होते. त्यात हळदीचा कार्यक्रम! सगळ्यांचे चेहरे आधीच पिवळे, अंगावर पिवळे कपडे, वर बहुतेक मांडवाचं कापड. पोर्ट्रा हा १९९८पासूनचा, माणसांच्या चेहऱ्यांसाठीच बनवलेला, कॉन्ट्रास्ट मवाळ, एखादा स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकला तरी सांभाळून घेतो, पण दोन स्टॉप कमी उजेड दिला असतास तर तोही मातकटच आला असता. हळदीला जर पोर्ट्रा लावला असतास आणि पुलावर एक्टार तर दोन्ही आपापल्या जागी पडले असते.

आता सौद्याचा रोल. इथे तीन गोष्टी एकावर एक आल्या. डायल चुकलेली होती हे झालं. दुसरं, तू शेडच्या आत उभा राहून बाहेरच्या दाराकडे कॅमेरा धरलायस, दारातून ऊन येतंय. के१०००चं उजेड मोजणारं मीटर फ्रेममधल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतं, त्याला वाटलं भरपूर उजेड आहे, तू व्ह्यूफाइंडरमधली सुई मधे आणलीस आणि पोत्यांच्या बाजूला बसलेले आडते, हमाल सगळे काळोखात गेले. अशा वेळी दोन पावलं पुढे जायचं, फ्रेममधे फक्त पोती किंवा चेहरा भरेल असं धरायचं, तिथे सुई मधे आणायची, आणि सेटिंग न हलवता परत मागे येऊन फोटो काढायचा. मग दार जळेल थोडं, जळू दे, कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड दोन-तीन स्टॉपपर्यंत आरामात पचवते, कमी उजेड मात्र तिला एक स्टॉपसुद्धा जड जातो.

तिसरी गोष्ट स्कॅनरची, आणि ही कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी बारा वर्षं कलर लॅबमधे प्रिंटिंग मशीनवर बसायचो. मशीनवर डेन्सिटीचं एक बटण आणि सायन, मॅजेंटा, यलोची तीन, प्रत्येक फ्रेम समोर आली की त्या चार बटणांवर बोटं चालायची. मशीनला सोडून दिलं तर ते असं धरून चालतं की कुठल्याही फोटोतले सगळे रंग एकत्र घोटले तर करडा रंग यावा. साधारण फोटोत ते बरोबर निघतं. पण एका लग्नात नवरी हिरव्या शालूत, मागे केळीचे खांब, सगळी फ्रेम हिरवी, मशीनने हिरवा मारायला मॅजेंटा ओतला आणि नवरीचा चेहरा जांभळट आला, अख्ख्या अल्बमची प्रिंट मी परत काढली होती. तुझ्या हळदीचं तेच झालंय. फ्रेमभर पिवळा रंग बघून स्कॅनर म्हणाला हे काहीतरी जास्त पिवळं झालंय, त्याने निळा घातला, आणि हळदीचं शेण झालं. लॅबवाल्याला जाऊन सांग की या चार फ्रेम परत स्कॅन कर, ऑटो करेक्शन बंद ठेव, फोटोत खरंच हळदीचे ढीग आहेत. चांगला माणूस असेल तर करून देतो. पातळ निगेटिव्हमधून फार काही निघणार नाही, पण पिवळा पिवळा तरी दिसेल.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की सध्या नवीन काही ट्राय करू नकोस. मला माहितीय हे ऐकायला आवडणार नाही, नवा रोल उघडायचा आनंद मलाही आहे, त्या डबीच्या प्लास्टिकच्या झाकणाचा आवाज मला अजून आवडतो. पण एका वेळी रोल पण नवा, उजेड पण नवा, मीटरचं धरणं पण नवं, असं असलं की कुठल्या गोष्टीने काय झालं ते कधीच समजत नाही. गोल्ड २०० चे दोन किंवा तीन रोल घे, सलग तेच वापर.

पहिल्या फ्रेमला कागदावर मोठ्या अक्षरात लिही, गोल्ड २००, डायल २००, तारीख, आणि त्या कागदाचा फोटो काढ. रोल नीट बसलाय का ते डाव्या बाजूच्या रिवाइंडच्या घुंडीवरून कळतं, लिव्हर ओढताना ती उलटी फिरली पाहिजे, फिरत नसेल तर आत रोल सरकतच नाहीये आणि तू छत्तीस फोटो रिकाम्या हवेत काढशील. मग एखाद्या दुपारी भर उन्हात, शेडच्या बाहेर, हळदीचा ढीग आणि शेजारी एक माणूस असं धरून एकाच जागेवरून चार फोटो काढ. एक मीटर सांगेल तसा, एक त्यापेक्षा एक स्टॉप कमी, एक एक स्टॉप जास्त, एक दोन स्टॉप जास्त. मीटर खरं बोलतंय का ते पण तिथेच तपासून घे, लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवलं की शटर २५० च्या आसपास सुई मधे यायला हवी. ते चार फोटो धुऊन आले की स्कॅन नंतर बघ, आधी पट्टी खिडकीच्या काचेवर धर. कुठल्या फ्रेमपासून माणसाच्या सदऱ्याच्या चुण्या दिसायला लागतात, ढिगाच्या सावलीच्या बाजूला कधी नुसता नारिंगी प्लास्टिक राहतो, हे एकदा डोळ्याने बघितलंस की पुढे कुठलाही रोल तुला फसवणार नाही. आणि तोच ढीग, तोच माणूस, संध्याकाळी साडेपाचला परत. गोल्डमधे जो ऊबदार पिवळेपणा आहे असं सगळे सांगतात तो दुपारी किती आणि संध्याकाळी किती ते तिथे दिसेल, मला स्वतःला गोल्ड संध्याकाळच्या उन्हात फार आवडतो, लाल कौलं आणि माती त्यात जिवंत दिसतात.

एवढं झालं की एक्टार परत घे, डायल १०० वर ठेव, आणि नदीकाठी जा. स्लाइडच्या रोलचं (निगेटिव्हऐवजी ज्यावर सरळ फोटोच उमटतो) तू विचारलं नाहीस पण विचारशील म्हणून सांगून ठेवतो, एक्टाक्रोम वगैरे अजून वर्षभर नको, तिथे अर्ध्या स्टॉपचीही चूक डोळ्यात येते आणि धुणारी लॅब शोधत फिरावं लागतं.

आणि हो, फोटो काढून झाले की लेन्सला टोपी लाव. के१०००च्या मीटरला बंद करायचं बटणच नाही, अंधार झाला तरच ते सेल खायचं थांबवतं.

प्रश्न : नमस्कार सर, मी नागपूरची, वय एकोणतीस. माझा रंग सावळा आहे आणि रोलवर काढलेल्या फोटोंमधे मी नेहमी आहे त्यापेक्षा काळपट दिसते, शेजारी उभ्या गोऱ्या मैत्रिणीचा चेहरा मात्र छान येतो. मित्र म्हणतो फिल्मच तशी असते. खरं आहे का? कुठला रोल घेऊ?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमचा मित्र पूर्वीच्या काळाबद्दल अगदी चूक नाही. कोडॅक पूर्वी लॅबना रंग जुळवायला एक कार्ड पाठवायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली म्हणून त्याला शर्ली कार्डच म्हणायचे. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर असं सगळीकडे धरलं जायचं, मग समोरच्या निगेटिव्हमधे कोणीही असो. गडद रंगांतला फरक त्या फिल्मना नीट पकडता यायचा नाही, आणि त्याबद्दल कंपनीला हलवलं ते फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारींनी, त्यांच्या जाहिरातीत लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा सारख्याच दिसायच्या. माणसांच्या चेहऱ्यांसाठी एवढी वाट बघावी लागली याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर फिल्म सुधारल्या, गोल्ड मॅक्स आली तेव्हा अंधुक उजेडातला काळा घोडासुद्धा तपशीलासकट येतो असं कंपनीकडून सांगितलं जायचं, आणि १९९०च्या दशकात वेगवेगळ्या वर्णांच्या तीन बायका असलेलं कार्ड आलं.

आज दुकानात मिळणाऱ्या गोल्ड, अल्ट्रामॅक्स, पोर्ट्रा यातला कुठलाही रोल सावळ्या चेहऱ्याला नीट दाखवू शकतो. तुमच्या बाबतीत मला वाटतं अडचण मीटरची आहे. पांढरी भिंत आणि गोरी मैत्रीण असली की मीटर त्यांच्याकडे बघून उजेड कमी करतं आणि तुमचा चेहरा सावलीत जातो. फोटो काढणाऱ्याला सांगा, मीटर माझ्या चेहऱ्याजवळ येऊन घे आणि भिंत सोडून दे, आणि दोघी एकत्र असाल तर भिंतीवरून जे रीडिंग येतंय त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप उजेड जास्त दे. मैत्रीण थोडी उजळेल, निगेटिव्हमधे ती कुठे जात नाही. कॅमेरा ऑटो असेल आणि त्यात एएसए हाताने बदलता येत असेल तर २०० च्या रोलला १०० लावा. खिडकीशी बाजूने येणारा उजेड घ्या, समोरून फ्लॅश मारू देऊ नका. आणि लॅबवाल्याने स्वतःहून चेहरा उजळ करून गोरा करून दिला तर परत करायला लावा, तुमचा रंग तुमचा आहे, तो जसा आहे तसा यायला हवा.

पोर्ट्रा घेतलात तर छटा जास्त मऊ येतील एवढंच, पण आधी हे करून बघा.

प्रश्न : दादा, ऑनलाइन सिनेमाची फिल्म कापून साध्या डबीत भरून स्वस्तात विकतात, रात्रीच्या दिव्यांभोवती लाल वलय येतं ती पण तशीच फिल्म असते ना? इथल्या लॅबने माझा असा रोल धुवायला सरळ नाही म्हटलं. एवढं काय असतं त्यात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लॅबवाल्याने बरोबर केलं, त्याच्यावर रागावू नकोस. सिनेमाच्या निगेटिव्हच्या पाठीला वर्षानुवर्षं काजळीसारखा काळा थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. कॅमेऱ्याच्या आत उजेड मागून परतू नये आणि फिल्म धावताना स्थिर वीज होऊ नये म्हणून तो. सिनेमाच्या फिल्मसाठी ईसीएन-२ ही वेगळी प्रोसेस असते, तिच्यात तो आधी काढून टाकतात. साधे कलर रोल धुणाऱ्या सी-४१ प्रोसेसच्या मशीनमधे असा रोल गेला की ती काजळी केमिकलमधे सुटते, रोलरला चिकटते आणि मागून येणाऱ्या रोलवर बसते. त्या मागच्या रोलमधे कोणाचं बारसं असेल, कोणाच्या आजीचे शेवटचे फोटो असतील. तो धोका त्याने का घ्यावा?

तू म्हणतोस ती सिनेस्टिल ८००टी, ती सिनेमाच्या फिल्मवरून तो थर काढून मगच विकतात, म्हणून ती साध्या लॅबमधे चालते, आणि थर नाही म्हणूनच दिव्याचा उजेड मागे आपटून परत येतो आणि लाल वलय दिसतं. ती पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी केलेली आहे, दिवसा उन्हात लावलीस तर सगळं निळं येईल. लक्ष्मी रोडवर दिवाळीत रात्री लावून बघ, दुकानांच्या पाट्यांनी मजा येते. कापून विकलेला रोल घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याला विचार, थर काढलाय का, प्रोसेस कुठली. उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नको.

प्रश्न : रत्नागिरीला राहतो. रोल कुठे ठेवू? पावसाळ्यात इथे चपलांना पण बुरशी येते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फ्रिजमधे, डबीसकट, आणि ती डबी झिपच्या पिशवीत. वापरायच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढून तशीच बंद ठेवा, गार रोल लगेच उघडला की त्यावर पाणी धरतं. फ्रिजमधली जागा रोलला मिळाली तरी कॅमेरा आणि लेन्स तिथे घालू नका, त्यांना घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि महिन्यातून दोनदा बाहेर काढून वापरा. कॅमेऱ्यात लावलेला रोल पावसाळाभर तसाच पडू देऊ नका. आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर रोल विसरू नका, तिथे एका दुपारीत रंग बिघडतात.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, डिसेंबरात पुण्याला येतेय. सोबत दहा रोल आणायचेत, एअरपोर्टच्या मशीनने खराब होतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका, तिथलं मशीन फार जोरदार असतं. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, खोक्यातून काढलेले ठेवा आणि हाताने तपासा अशी विनंती करा. नवीन सीटी स्कॅनर असतील तर आग्रहच धरा, त्याने न धुतलेली फिल्म धुरकट होते, मग रोल १००चा असो की ८००चा.

प्रश्न : आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना साड्यांच्या खाली एक वापरलेला रोल सापडला. पूर्ण गुंडाळलेला आहे, कधीचा ते माहीत नाही, वीस-पंचवीस वर्षं तरी झाली असतील. स्टुडिओवाला म्हणतो आता काही येणार नाही, फेकून द्या. मला फेकवत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फेकू नका. कपाटात, कपड्यांच्या मधे, अंधारात राहिलेला आहे ही चांगली गोष्ट आहे, माळ्यावर पत्र्याखाली असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. फोटो काढून न धुतलेल्या रोलमधली प्रतिमा वर्षागणिक फिकट होत जाते, रंग सरकतात, दाणे वाढतात, पण वीस-पंचवीस वर्षांच्या रोलमधून चेहरे ओळखू येतील असे फोटो निघालेले मी माझ्या हाताने धुतलेत. सगळ्या फ्रेम येतीलच असं नाही, पण दोन आल्या तरी तुमच्यासाठी त्या दोन पुरेशा असतील.

डबीवर बारीक अक्षरात प्रोसेस लिहिलेली असते. सी-४१ असेल तर कुठलीही चालू कलर लॅब धुऊ शकते, ही प्रोसेस १९७२पासून आहे, केमिकल जवळजवळ अडतीस डिग्रीवर आणि पहिल्या बाथला सव्वातीन मिनिटं, आजही तेच. ई-६ असेल तर स्लाइडचा रोल आहे, मुंबई-पुण्याकडे चौकशी करावी लागेल. के-१४ लिहिलं असेल तर तो कोडाक्रोम, त्याचं उत्पादन २००९मधे थांबलं आणि त्याची रंगीत प्रोसेस करणारी शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची, तिने २०१०च्या अखेरीपर्यंतच रोल घेतले, म्हणजे त्यातून आता फक्त काळे-पांढरे फोटो काढता येतात, तेही ते करणाऱ्याकडूनच. आपल्याकडच्या घरात सापडलेला रोल बहुतेक सी-४१ निघतो.

स्टुडिओत आधी एकच गोष्ट विचारा, त्यांच्या मशीनमधे रोज रोल जातात का. महिन्याला एखादा रोल धुणाऱ्या लॅबकडे केमिकल जुनं झालेलं असतं, तिथे देऊ नका. साधा धुवा म्हणून सांगा, वेळ वाढवू नका, वाढवल्याने धुरकटपणाच जास्त वाढतो. प्रिंट लगेच मागू नका, आधी स्कॅन, आणि रंग फारच गेलेले असतील तर तोच स्कॅन काळा-पांढरा करून बघा, चेहरे बरेचदा त्यात वर येतात. निगेटिव्ह कापून, पिशवीत घालून परत मागून घ्या, कितीही कोरी दिसली तरी.

तोवर डबी उघडू नका, फिल्मची शेपटी बाहेर असली तर ओढू नका. डबीवर काय लिहिलंय त्याचा फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी बघून सांगतो.